पुणे ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

पुण्याहून नागपूर किती लांब आहे? प्रश्न अगदी साधा वाटतो. पण वाचकहो, हाच प्रश्न पुणे स्टेशनात विचारलात तर उत्तर मिळेल ८८१ किलोमीटर. रात्रीची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचाराल तर तो म्हणेल, सातशेच्या आसपास. आणि लोहगावच्या विमानतळावर विचाराल तर तिथला माणूस सांगेल, फार तर सहाशे. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून मोजमापही वेगळे.

आज हा हिशेब मांडायचे कारण आहे. विदर्भातली हजारो मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात राहतात. वर्धा, यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडचे आईवडील कधी मुलाला भेटायला, कधी लेकीच्या बाळंतपणाला, कधी मोठ्या दवाखान्यात दाखवायला पुण्यात येतात. इकडच्या मंडळींनाही कामाकाजाने नागपूर गाठावे लागते. एकेकाळी विमान म्हणजे मंत्र्यांचे आणि शेठ लोकांचे वाहन होते. आता गावातला साधा माणूसही मुलाने मोबाइलवर काढून दिलेले तिकीट घेऊन विमानात बसतो. "दीड तासात पोचाल" असे त्याला सांगितलेले असते. प्रत्यक्षात किती वेळ लागतो आणि कोणाला कोणती वाट सोयीची, ते आपण नीट पाहू.

आधी अंतराचे बघू. पुण्यात जनरल पोस्ट ऑफिसच्या बाहेर एक जुना दगड आहे. त्याला शून्य मैलाचा दगड म्हणतात. पुण्यापासूनची अंतरे धरायची ती इथून. नागपुरातही सीताबर्डीजवळ 'झिरो माइल' आहे. वालुकाश्माचा खांब आणि शेजारी चार घोडे, असे ते ठिकाण नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. इंग्रजांच्या काळात साऱ्या देशाची जी मोठी मोजणी झाली, तिच्या खुणा म्हणजे हे दगड. ती मोजणी १८०२ साली मद्रासकडून सुरू झाली. ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हा साहेब मोजत मोजत आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखापर्यंत आला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याची रीत त्रिकोणाची होती. जमिनीवर एक बाजू साखळीने काटेकोर मोजायची, दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे आणि उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या.

आपणही तीच युक्ती वापरू. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचे तर दोन वाटा असतात. बांधाबांधाने गेलात तर दोन बाजू चालाव्या लागतात. पीक निघालेले असेल तर तिरपे, मधूनच जाता येते. ही तिरपी वाट म्हणजे शाळेत शिकलेला कर्ण. विमान कर्णावरून जाते.

नकाशावर पुण्याचा विमानतळ साधारण १८.६ अंश उत्तरेला आहे आणि नागपूरचा २१.१ अंशावर. फरक अडीच अंशांचा. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून नागपूर आपल्यापेक्षा सुमारे २७८ किलोमीटर उत्तरेला आहे. आता पूर्व-पश्चिम बघा. दोहोंतला फरक ५.१ अंशांचा. आपल्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम एक अंश १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे नागपूर सुमारे ५३६ किलोमीटर पूर्वेला. २७८ चा वर्ग ७७,२८४ आणि ५३६ चा वर्ग २,८७,२९६. बेरीज ३,६४,५८०. तिचे वर्गमूळ काढले की उत्तर येते ६०४. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला वही-पेन्सिल देऊन हे करायला सांगा. त्यालाही मजा वाटेल.

मग रेल्वेचे ८८१ किलोमीटर कसे झाले? त्यामागे इतिहास आहे. आपल्याकडची रेल्वे पुण्याला नागपूरशी जोडण्यासाठी घातलेली नव्हतीच. ती घातली मुंबई बंदरासाठी. कल्याणपासून दोन फाटे निघाले. एक बोरघाट चढून पुण्याकडे आणि सोलापूरकडे गेला. दुसरा थळघाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बंदरावर न्यायचा होता, त्यासाठी ही सोय. दोन फाटे एकमेकांना जोडणारी दौंड-मनमाड लाइन १८७८ मध्ये झाली. त्यामुळे आजही पुण्याहून नागपूरला निघालेली गाडी आधी दौंडकडे जाते, तिथून उत्तरेला वळून अहिल्यानगर, कोपरगाव करत मनमाड गाठते आणि मग कुठे पूर्वेकडे तोंड करते. ही झाली बांधाबांधाची वाट. सरळ रेषेपेक्षा पावणेतीनशे किलोमीटर जास्त.

रस्ता या दोहोंच्या मधला. पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मुंबईकडचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता तयार झाला. यामुळे पुण्याकडच्या प्रवासाचेही तास वाचले.

आता लोहगावकडे वळू. पुणे शहरापासून दहाएक किलोमीटरवर, ईशान्येला हे गाव. वारकरी मंडळींना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तुकाराम महाराजांचे हे आजोळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, मुंबईच्या संरक्षणासाठी इंग्रजांनी इथे लष्करी विमानतळ केला. आज तो भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. प्रवासी विमाने उडतात ती याच धावपट्टीवरून. म्हणून लोहगावला उतरणाऱ्याला कधीकधी लढाऊ विमानांचा कानठळ्या बसवणारा आवाज ऐकू येतो. जुनी प्रवासी इमारत अपुरी पडू लागल्यावर नवी बांधली गेली आणि जुलै २०२४ पासून ती वापरात आली. विमानतळाला जगद्गुरू तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केला.

धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे प्रवासी विमानांना काही मर्यादा येतात. २०२१ च्या ऑक्टोबरात तिच्या दुरुस्तीसाठी पुण्याची सगळी प्रवासी विमाने चौदा दिवस बंद होती. म्हणूनच पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ करायचे घाटते आहे. तो अंजीर आणि सीताफळाचा मुलूख. २०२५ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी मोजणीला कडाडून विरोध केला. आपण दोन तास वाचवतो तेव्हा ते कोणाच्या तरी शिवारातून वाचवलेले असतात. समृद्धीच्या रस्त्यालाही हेच लागू आहे. शेतकऱ्याच्या घरात तरी याचा विसर पडू नये.

आता विमानाच्या वेळेचे गणित. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. मग ६०४ किलोमीटरला पाऊण तास पुरायला हवा. पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. उरलेला वेळ कुठे जातो? विमान जागेवरून निघाले की आधी जमिनीवरूनच हळूहळू धावपट्टीच्या टोकापर्यंत जाते. पुढे दुसरे विमान असेल तर थांबते. उडाल्यावर वर चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि चढताना वेग कमी असतो. उतरण्याची तयारीही शे-दीडशे किलोमीटर आधीपासून सुरू होते. पुणे-नागपूरसारख्या जवळच्या प्रवासात चढणे आणि उतरणे यांतच बराच वेळ जातो, पूर्ण वेगाने धावायला फारसा वाव मिळत नाही. बैलगाडी माळावर दौडते, पण गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तिला दमानेच जावे लागते, तसेच हे. शिवाय पंख्यांचे छोटे विमान असेल तर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे आणखी थोडा वेळ धरावा.

वाऱ्याचाही यात हात असतो. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्या दिवसांत पुण्याहून नागपूरला जाताना वारा पाठीशी असतो आणि परत येताना तोंडावर. म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात वरचे वारे उलट फिरतात आणि हा हिशेबही उलटतो. जगात हेच सगळीकडे चालते. दक्षिण अमेरिकेत चिलीची राजधानी सँटियागो आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स यांत हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे-दिल्लीइतके. विमानाला दोन तास लागतात. पूर्वेकडे जाताना थोडे कमी, पश्चिमेकडे येताना थोडे जास्त. मध्ये अँडीजचा उंच पर्वत उभा आहे. हिवाळ्यात बर्फ पडला की घाटातला रस्ता बंद होतो आणि मोटारी खालीच अडकून राहतात. तिथे विमान ही चैन उरत नाही, गरज होते.

आपल्याकडे असा पर्वत आडवा नाही. तेव्हा विमान कधी घ्यावे, याचा विचार घराच्या उंबऱ्यापासून करावा. एक उदाहरण घेऊ. समजा, आर्वीकडच्या एका गावातून आईवडिलांना पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या मुलाकडे यायचे आहे. गावाहून नागपूरचा विमानतळ गाठायला तीन तास. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचायला हवे. उड्डाण दीड तास. लोहगावला उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास. तिथून पुण्याच्या गर्दीतून मुलाच्या घरी जायला दीड तास. बेरीज साडेआठ तास.

आता हाच प्रवास रेल्वेने. १० ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या अजनीहून पुण्यासाठी वंदे भारत गाडी सुरू झाली. सकाळी निघून रात्री दहाच्या आत ती पुण्यात येते, बारा तासांत ८८१ किलोमीटर. आर्वीकडच्या माणसाने वर्धा गाठायला दीड-दोन तास, गाडीत अकरा तास आणि पुणे स्टेशनवरून घरी तासभर धरला तर चौदा तास होतात. म्हणजे विमानाने पाच-साडेपाच तास वाचले. तिकीटावर "दीड तास" वाचून वाटले होते तेवढे नाहीत, पण कमीही नाहीत. आजारी माणूस बरोबर असेल किंवा वाईट बातमी आली असेल तर हे पाच तास पैशापेक्षा मोलाचे.

पण हाच माणूस अकोल्याचा असेल तर? विमानासाठी त्याला आधी अडीचशे किलोमीटर उलटे, पूर्वेला नागपूरकडे जावे लागेल. चार तास तिथेच गेले. त्यात पुढचे साडेपाच तास मिळवा, साडेनऊ होतात. अकोल्याहून पुण्याला वंदे भारत आठ-नऊ तासांत आणते. म्हणजे अकोला, शेगाव, भुसावळ, जळगावकडच्या मंडळींनी नागपूरच्या विमानाचा नादच करू नये. वाशीमचे तर आणखी गमतीचे आहे. पुणे-नागपूर सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती जवळजवळ वाशीमवरूनच जाते. डोक्यावरून विमान जाते, पण वाशीमकराला त्यात चढता येत नाही!

रात्रीच्या बसचेही सांगितले पाहिजे, कारण आजही बहुतेकांची वाट तीच. संध्याकाळी बसावे, सकाळी उतरावे. दिवस मोडत नाही, भाडे परवडते आणि गावाजवळ उतरता येते. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे येणारी एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. बरेच जण झोपेत होते. बसमध्ये बसताना संकटकाळी उघडायचे दार कोणते आणि ते कसे उघडते, काच फोडायची हातोडी कुठे आहे, हे आधी पाहून ठेवा. विचारायला लाजू नका. आणि दिवसा जाणे जमत असेल तर दिवसाच जा.

पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. आधार कार्ड किंवा सरकारी ओळखपत्र जवळ हवे आणि तिकीटावरचे नाव त्याच्याशी जुळायला हवे. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, एस. टी.सारखा हात दाखवून थांबवायचा प्रकार इथे नाही. साधारणपणे मोठे सामान १५ किलो आणि हातातली पिशवी ७ किलो चालते, तरी तिकीटावर पाहून घ्या. विळा, चाकू, अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका. काडेपेटी आणि लायटर तर घरीच ठेवा. सुके खोबरे विमानात नेता येत नाही, ते तेलकट असल्याने पेट घेते. लेकीसाठी नेलेले लोणचे आणि तूप घट्ट बंद करून मोठ्या सामानात ठेवा. रोजची औषधे मात्र हाताशीच असू द्या. म्हाताऱ्या माणसांना चालवत नसेल तर चाकाची खुर्ची मिळते, तिकीट काढतानाच तसे कळवावे. विमान चढताना-उतरताना कानात दडे बसतात. घाबरू नका, आवंढा गिळा किंवा तोंडात बडीशेप चघळा.

आणि शक्य असेल तर खिडकीची जागा मागा. पुण्याहून नागपूरला जाताना डावी बाजू बरी. आकाश स्वच्छ असले आणि विमान सरळ वाटेने गेले तर आधी भीमेचे खोरे आणि उसाचे हिरवे तुकडे दिसतात. मग अहिल्यानगरकडची कोरडी, पिवळसर जमीन. थोड्या वेळाने डावीकडे पैठणचा नाथसागर पसरलेला दिसतो. १९७६ मध्ये पुरे झालेले जायकवाडीचे धरण ते हेच. बरोबर अर्ध्या वाटेवर लोणारचे सरोवर येते, पावणेदोन किलोमीटर रुंदीची गोल वाटी. आकाशातून पडलेल्या उल्केने ती खोदली. त्यानंतर काळी माती, कपाशी, तूर आणि वर्धा नदी ओलांडली की संत्र्याच्या बागांचे चौकोन. एका तासात साऱ्या महाराष्ट्राचे पीकपाणी डोळ्यांखालून जाते. कुठे पाऊस झाला आणि कुठे नाही, ते वरून शेतकऱ्याच्या नजरेला लगेच कळते.

नागपूरचे विमानाशी नाते जुने आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. आज टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला मिळू लागले. ती सेवा पुढे बंद झाली. पण नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणजे काय, हे तिने दाखवून दिले.

तर वाचकहो, पुढच्या वेळी पुण्या-नागपूरचा प्रवास ठरवाल तेव्हा कागदावर दोन रकाने पाडा. एकात घरापासून घरापर्यंतचे तास लिहा, दुसऱ्यात तेवढ्याच प्रवासाचे एकूण पैसे, रिक्षा-टॅक्सीसकट. दिवाळीच्या दिवसांत विमानाचे आणि खासगी बसचे भाडे फार चढते, तेव्हा दोन-तीन महिने आधी तिकीट काढता आले तर काढा. मुलाला सुट्टी कधी लागते ते पेरणीच्या आधीच विचारून ठेवा. आणि विमानाने आलात तर लोहगावला उतरल्यावर घाई करू नका. मुलाला फोन करा आणि सामान हातात घेऊनच बाहेर पडा. घर अजून दीड तास लांब आहे.